दमल्या अंगाला ऊन पाणी

ऑक्टोबर सरत आला की नंदुरबारच्या आसपासच्या मोकळ्या जागा लाल होऊ लागतात. शेतातून आलेली ओली मिरची व्यापारी विकत घेतात, उन्हात पसरून वाळवतात आणि मग तिचे देठ खुडले जातात. या जागांना इकडे पथारी म्हणतात. थंडी संपेपर्यंत पथाऱ्यांवर काम चालू असते आणि देठ खुडायला बसलेल्या बहुतेक बायाच असतात. दिवसभर हातांत मिरची, नाकातोंडात ठसका, आणि केसांत, बाह्यांत, पदरात बसलेली बारीक धूळ. संध्याकाळी घरी परतताना हवेत गारवा असतो. अशा वेळी अंगाला एकच गोष्ट हवी असते, चुलीवरचे ऊन पाणी. आणि नेमके तेच पाणी हातावर पडले की आग भडकते.

हा अनुभव मिरचीत काम करणाऱ्या कोणालाही नवा नाही. पण त्यामागचे कारण समजून घेतले, तर दमल्यावर केलेल्या आंघोळीचे सगळे शास्त्रच हाती लागते. म्हणून सुरुवात इथूनच करू.

मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यात असतो त्याचे नाव कॅप्सायसिन. आपल्या त्वचेतल्या वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांवर सूक्ष्म दारे असतात. त्यांतले एक दार साधारण 43 अंश सेल्सियसच्या पुढे उष्णता गेली की उघडते आणि ‘भाजतेय’ असा निरोप मेंदूकडे जातो. शास्त्रज्ञ त्याला टीआरपीव्ही-1 म्हणतात. अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांनी 1997 साली ते शोधून काढले. त्यासाठी त्यांनी हाताशी धरले होते ते मिरचीतले हेच कॅप्सायसिन, कारण तेही नेमके हेच दार उघडते. तिखट खाल्ल्यावर आपण ‘जीभ भाजली’ म्हणतो ते मज्जातंतूंच्या दृष्टीने अक्षरशः खरे आहे. या शोधासाठी ज्युलियस यांना 2021 सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, आर्डेम पॅटापुटियन यांच्यासह. पक्ष्यांमधले हेच दार कॅप्सायसिनला दाद देत नाही. म्हणून पोपट लाल मिरच्या खुशाल फोडून खातात.

कॅप्सायसिन लागलेल्या त्वचेत हे दार फारच हलके होते. एरवी जे 43 अंशांना उघडायचे, ते त्याहून कितीतरी कमी उष्णतेला उघडते. मग अडतीस-चाळीस अंशांचे सुखद ऊन पाणीसुद्धा उकळत्यासारखे लागते. त्वचा भाजलेली नसते, पण वेदना खरी असते. मिरची हाताळून झालेल्या या दाहाला इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांत ‘हुनान हँड’ असे नावही मिळाले आहे, चीनमधल्या हुनान प्रांताच्या तिखट स्वयंपाकावरून.

दुसरी अडचण अशी की कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र विरघळते. नुसत्या पाण्याने हात धुतले की ते निघत नाही, ओल्या हाताबरोबर पसरते. चेहऱ्यावर पाणी मारले की डोळ्यांत उतरते. म्हणून मिरचीच्या दिवसांत आंघोळीचा क्रम बदलायला हवा. घरात शिरण्याआधी अंगावरची धूळ कोरडीच झटकावी आणि कामाचे कपडे बाहेर वेगळे ठेवावेत. मग कोरड्या हातांवर खोबरेल, शेंगदाण्याचे, जे घरात असेल ते तेल चोळावे, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांच्या कडांना विशेष. ते जुन्या फडक्याने पुसून घ्यावे आणि त्यानंतर साबण लावून गार पाण्याने धुवावे. तेल आणि साबण असे पुन्हा एकदा केले तर उत्तम. केस धुताना पुढे वाकून, डोळे मिटून आणि गार पाण्यानेच धुवावेत, म्हणजे धुळीचे पाणी तोंडावरून ओघळत नाही. हे सगळे झाल्यावर मग ऊन पाणी, तेही आधी पाठीवर आणि पायांवर. हातांची आग राहिलीच असेल तर त्या दिवशी हात ऊन पाण्यापासून लांब ठेवावेत.

एवढा खटाटोप करून ऊन पाणी घ्यायचेच कशाला, गार पाण्याने अंग धुऊन मोकळे का होऊ नये? स्वच्छतेपुरते पाहिले तर गार पाणी पुरते. पण शीण घालवायचा असेल, झोप लागायला हवी असेल, तर पाण्यातली उष्णता लागते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्नानाचे गुण सांगताना ते श्रम, घाम आणि मळ घालवणारे म्हटले आहे. क्रमात श्रम पहिला आला आहे.

आपल्या शरीराच्या आतले तापमान दिवसभर सारखे नसते. ते संध्याकाळी सर्वांत जास्त असते आणि पहाटे सर्वांत कमी, फरक साधारण एका अंशाचा. रात्री झोप येते ती हे तापमान उतरणीला लागल्यावर. आणि ते उतरते कसे? मुख्यतः तळहात आणि तळपाय यांच्या वाटेने. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतले गरम रक्त त्वचेजवळ येते आणि उष्णता बाहेर टाकून परत जाते. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या संशोधकांनी 1999 साली दाखवून दिले की हातपाय जितके ऊबदार, तितकी झोप लवकर लागते. गारठलेल्या पायांनी अंथरुणात शिरल्यावर तास-तास कूस बदलत राहावे लागते, त्याचे कारण हेच. पायांच्या वाहिन्या आखडलेल्या असतात आणि आतल्या उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते.

ऊन पाणी ती वाट मोकळी करते. अंगावर ऊन पाणी घेतल्यावर वाहिन्या रुंदावतात, आणि आंघोळ आटोपून माणूस कोरडा झाला तरी त्या बराच वेळ तशाच राहतात. त्या काळात शरीर आतून थंड होत जाते. म्हणजे ऊन पाण्याने अंग तापते ते थोड्याच वेळापुरते. त्याचा खरा उपयोग नंतर शरीर निवते यात आहे. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या संशोधकांनी या विषयावरचे अनेक जुने अभ्यास एकत्र करून 2019 साली निष्कर्ष मांडला. 40 ते 42.5 अंशांचे पाणी, झोपण्याच्या एक ते दोन तास आधी, अवघी दहा मिनिटे घेतले तरी झोप लवकर लागते.

यातली वेळ महत्त्वाची आहे. आंघोळ करून लगेच अंथरुणावर पडले तर शरीर अजून तापलेलेच असते आणि झोप लांबते. आपल्या खेड्यांतली जुनी रीत, कामावरून आल्याबरोबर आंघोळ, मग स्वयंपाक, जेवण आणि मग झोप, या हिशेबात अगदी चपखल बसते. शहरातली रीत, म्हणजे जेवून, टीव्ही बघून, अकरा वाजता गीझरखाली उभे राहायचे, तितकी बसत नाही.

टबमध्ये पहुडलेल्या माणसांची चित्रे पाहून अनेकांना वाटते की असा आराम टबाशिवाय मिळत नाही. टबात एक गोष्ट जास्तीची मिळते हे खरे. मानेपर्यंत पाण्यात असलेल्या माणसाला स्वतःचे वजन जवळपास दहाव्या हिश्श्याएवढेच जाणवते, त्यामुळे कंबर आणि गुडघे सुटतात. पाण्याच्या दाबाने पायांतले आणि पोटातले सुमारे 700 मिलिलिटर रक्त छातीकडे सरकते, हृदय दर ठोक्याला जास्त रक्त फेकते आणि नाडी शांत होते. तापी आणि गोमाईच्या संगमावर, प्रकाशाच्या घाटाशी, पाण्यात उतरून थोडा वेळ नुसते उभे राहणाऱ्यांना हेच सुख मिळते. पण झोपेपुरते पाहिले तर त्याची गरज नाही. तिथे काम करते ती हातापायांपर्यंत पोचलेली उष्णता, आणि ती बादली-तांब्यानेही पोचते. इतकेच काय, पूर्ण आंघोळीचीही गरज नाही. घमेल्यात किंवा घंगाळात घोट्याच्या वरपर्यंत ऊन पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे पाय बुडवून बसले तरी वाहिन्या रुंदावतात. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरात, जिथे हंडा डोक्यावर घेऊन चढ चढावा लागतो, तिथे चार लिटर पाण्यातली ही ऊब मला टबापेक्षा मोलाची वाटते.

पाण्याप्रमाणे सरपणाचाही हिशेब मांडून पाहू. हिवाळ्यात 20 अंशांचे पंधरा लिटर पाणी 40 अंशांवर न्यायला सुमारे 1,250 किलोज्यूल उष्णता लागते. विजेच्या मापात हे साधारण एक तृतीयांश युनिट, म्हणजे हजार वॉटच्या रॉडला वीस-बावीस मिनिटे. लाकडाच्या मापात पाहायला गेले तर चित्र बदलते. एक किलो कोरड्या लाकडात सुमारे 16,000 किलोज्यूल असतात, पण उघड्या तीन दगडांच्या चुलीवर त्यातली दहा-पंधरा टक्केच भांड्यात उतरतात. म्हणजे एका माणसाच्या एका बादलीला अर्धा ते पाऊण किलो लाकूड. सहा माणसांच्या घरात रोज तीन-चार किलो, आणि ते आणायचे काम पुन्हा ज्या बाईचे अंग दुखते आहे तिचेच. तांब्याचा बंब याच कारणाने शहाणपणाचा. त्यात विस्तव मधल्या नळीत असतो आणि पाणी चारी बाजूंनी वेढलेले, त्यामुळे उघड्या चुलीवर जी आच वाया जाते तिच्यातली बरीच पाण्याला मिळते. याहून स्वस्त उपाय उन्हाचा आहे. काळे रंगवलेले पिंप किंवा काळ्या पाइपाचे वेटोळे छपरावर दिवसभर तापू दिले, तर नंदुरबारच्या हिवाळी उन्हातही संध्याकाळी पाणी कोमट मिळते आणि लाकूड निम्म्यावर येते. मात्र ते पाणी सूर्यास्ताआधी गोणपाटाने झाकायला हवे, नाहीतर उघड्या आकाशाखाली ते भराभर निवते.

विसण किती घालायची, हेही गणिताने सांगता येते. गार पाणी 20 अंशांचे असेल तर एक तांब्या उकळते आणि तीन तांबे गार, असे मिसळले की पाणी बरोबर 40 अंशांवर येते. बादलीत आधी गार पाणी आणि मग उकळते ओतावे. उलटे केले तर लहान मूल मध्येच हात घालते आणि भाजते. पाण्याची पारख कोपर बुडवून करावी, कारण कष्टाने राठ झालेल्या तळहाताला उष्णता उशिरा कळते. रॉड वापरत असाल तर बटण बंद करून, पिन काढूनच पाण्याला हात लावावा. गॅसचा गीझर असेल तर न्हाणीघराची खिडकी कधीही बंद करू नये.

या जिल्ह्यात सरपणाशिवाय तापलेले पाणीही आहे. शहादा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेवचा गरम पाण्याचा झरा आहे आणि लोक तिथे मुद्दाम आंघोळीला जातात. त्याच नावाचा आणखी एक झरा शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चोपडा तालुक्यात अडावदजवळ आहे. पूर्वेकडे अमरावती आणि बैतूलच्या सीमेवर सालबर्डी, मध्य प्रदेशात अनहोनी, छत्तीसगडात तातापानी, अशी गरम झऱ्यांची एक रांगच शोण, नर्मदा आणि तापी या नद्यांच्या पट्ट्याने गेलेली आहे. भूशास्त्रज्ञ या पट्ट्याला तिन्ही नद्यांची नावे जोडून ‘सोनाटा’ म्हणतात. इथे जिवंत ज्वालामुखी कुठेही नाही. दख्खनचा काळा कातळ ज्या लाव्हाचा आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच निवून गेला. पाणी तापते ते वेगळ्या कारणाने. जमिनीत खाली जावे तसे दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंशांनी तापमान वाढते. या पट्ट्यात भूकवचाला खोलवर भेगा आहेत. पावसाचे पाणी त्यांतून खूप खाली उतरते, तापते, आणि दुसऱ्या भेगेने वेगाने वर आले तर निवण्याआधीच बाहेर पडते. कोकणातले उन्हवरे, तुरळ, राजापूर आणि ठाणे-पालघरकडचे गणेशपुरी, वज्रेश्वरी हेही असेच, फक्त त्यांच्या भेगा पश्चिम किनाऱ्याला समांतर आहेत.

अशा झऱ्यांत उतरताना दोन गोष्टी पाळाव्यात. कुंडाचे पाणी अनेकांनी वापरलेले असते, म्हणून अंगावर जखम किंवा खरूज असेल तर कुंडात न उतरता वाहत्या धारेखाली आंघोळ करावी. आणि कोमट साचलेल्या पाण्यात डुबकी मारून नाकात पाणी जाऊ देऊ नये, कारण अशा पाण्यात क्वचित आढळणारा नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटेच मेंदूपर्यंत पोचतो.

नंदुरबारमध्ये ऊन पाण्याचा विषय सिकलसेलशिवाय पुरा होत नाही. डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासी समाजांत या आजाराचे जे काम केले, ज्यासाठी त्यांना 2019 साली पद्मश्री मिळाली, त्यातून भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेलच्या वाहकांचे प्रमाण वीस टक्के आणि त्याहून जास्त असल्याचे दिसले. हे दोन्ही समाज या जिल्ह्यात मोठ्या संख्येने आहेत. वाहकाला सहसा त्रास नसतो, पण आईवडील दोघांकडून दोष आलेल्या मुलाचे रक्त वेगळे वागते. प्राणवायू सोडला की त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडापर्यंत जाणाऱ्या वेदना सुरू होतात. गारठ्याने वाहिन्या आखडल्या की रक्त आणखी सावकाश सरकते आणि पेशींना वाकायला वेळ मिळतो. त्यामुळे थंडीतली गार पाण्याची आंघोळ, पावसात भिजून तसेच राहणे, नदीत डुंबणे, यांनी अशा मुलाला दुखण्याचा झटका येऊ शकतो.

तोरणमाळच्या पठारावर, मोलगी आणि डाबच्या बाजूला हिवाळ्यात पहाटे कडाक्याची थंडी पडते. तिथल्या घरात सिकलसेलचे मूल असेल तर त्याच्यासाठी कोमट पाणी औषधाच्याच योग्यतेचे आहे. दुखत असताना कोमट पाण्याने शेकले तर आराम पडतो. बर्फ मात्र कधीही लावू नये. आंघोळ थोडक्यात आटोपावी, लगेच अंग पुसून कोरडे कपडे घालावेत आणि प्यायलाही भरपूर पाणी द्यावे, कारण शरीरातले पाणी कमी झाले तरी पेशी वाकतात. दुखणे वाढले, ताप आला किंवा दम लागला तर मात्र आंघोळीचा विचार सोडून थेट दवाखाना गाठावा.

मधुमेह जुना असेल तर पायांची संवेदना गेलेली असते. अशा माणसाने पाय बुडवण्याआधी पाणी दुसऱ्याकडून पारखून घ्यावे, कारण पाय भाजला तरी त्याला कळत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी बसून आंघोळ करावी आणि उठताना सावकाश उठावे. वाहिन्या रुंदावल्या की दाब उतरतो आणि घेरी येते. दारू पिऊन ऊन पाण्याने आंघोळ करणे धोक्याचे आहे, मग ती मोहाची असो की बाटलीतली. दारूनेही वाहिन्या रुंदावतात आणि दोन्ही परिणाम एकत्र आले की माणूस न्हाणीतच कोसळतो. गरोदर बाईने कडक पाणी टाळून कोमट घ्यावे.

उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि गच्चीवरच्या टाकीतले पाणी संध्याकाळी आपोआपच ऊन असते. पाइपात साचलेले पहिले पाणी तर हात पोळवते, ते बादलीत काढून बाजूला ठेवावे. तेव्हा माठासारखे गार पाणी अंगावर घ्यावेसे वाटते. पण एकदम गार पाण्याने त्वचेच्या वाहिन्या आखडतात आणि थोड्या वेळाने पुन्हा उकडायला लागते. त्यापेक्षा जेमतेम कोमट पाणी घ्यावे आणि अंग अर्धवट ओले ठेवून वाऱ्याला बसावे. एक ग्रॅम पाणी त्वचेवरून वाळताना सुमारे 2.4 किलोज्यूल उष्णता ओढून घेते, आणि आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी असल्याने ते झपाट्याने वाळते. ही सोय मुंबईकरांना नाही.

आता एक विनंती, पथारी चालवणाऱ्या व्यापाऱ्यांना. मिरचीच्या हंगामात संध्याकाळी काम सुटल्यावर बायांना हात धुण्यासाठी आडोशाचा नळ, साबण, तेलाची एक बाटली आणि पुसायला जुनी फडकी ठेवायला फार खर्च येत नाही. दिवसा हातमोजे आणि नाकाला रुमालही द्यायला हवेत. मिरची पथारीवरच उतरली, तर घरी चुलीवर तापलेली बादली त्यांना आग न होता अंगावर घेता येईल. येत्या हंगामाची मिरची पसरण्याआधी एवढे करा.